लोखंडी सडकेचा बखरकार

भीमा आणि मुळा-मुठा या दोन नद्या एकमेकींना मिळण्यापूर्वी जो मुलूख आपल्या कवेत घेतात, त्याला दौंड तालुक्यात राहूबेट म्हणतात. चहूबाजूंनी पाण्याने वेढलेले बेट ते नव्हे. परंतु पावसाळ्यात दोन्ही पात्रे भरून वाहू लागली आणि पुलांवर पाणी चढले, म्हणजे हे नाव किती यथार्थ आहे, हे बेटातल्या माणसाला कोणी सांगावे लागत नाही. उत्तरेस भीमेपलीकडे शिरूर तालुका, दक्षिणेस मुळा-मुठेपलीकडे पुणे-सोलापूर सडक, आणि त्या सडकेला धरून गेलेला लोहमार्ग, अशी या भागाची चतुःसीमा. राहू गावात आगगाडी कधी आली नाही. गाडीत बसायचे तर मुळा-मुठा ओलांडून येवत, खुटबाव नाहीतर केडगाव गाठायचे, हा इथला पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. तरीदेखील रात्रपाळीत उसाला पाणी धरून बसलेल्या माणसाला, वारा दक्षिणेकडून असला तर, लांबच्या मालगाडीची शिटी ऐकू येते, आणि घड्याळ न पाहता ‘अमुक वाजले असतील’ असे तो शेजारच्या बांधावरच्या गड्याला सांगतो.

थंडीच्या दिवसांत या बेटात गुऱ्हाळे पेटलेली असतात. चुलवाणात चिपाड सारणारा जाळव्या, काहिलीत रटरटणारा रस, वर आलेली मळी झाऱ्याने काढून टाकणारी माणसे, आणि पाकाचा थेंब पाण्यात टाकून, तो बोटांनी चोळून ‘उतरवा’ म्हणणारा गुळव्या, हा देखावा ज्याने पाहिला त्याला त्या गोड, जळकट वासाचे वर्णन ऐकवण्याचे कारण नाही. एकदा अशाच एका गुऱ्हाळावर बसलो असताना, ढेपांच्या राशीकडे पाहत एका वृद्ध शेतकऱ्याने मला विचारले, ‘‘आपल्या या लाइनीची बखर कोणी लिहिली आहे का हो? गडाकिल्ल्यांची लिहितात, वाड्यांची लिहितात. पण आजोबा-पणजोबांच्या डोक्यावरच्या पाट्यांनी जो भराव पडला, त्याची कुठे नोंद?’’ त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी जेथे जाऊन पोहोचलो, ते स्थळ राहूपासून पुष्कळ दूर, मुंबईत होते. आणि ती व्यक्ती म्हणजे एका मिशनरी शाळेतले शिक्षक, गोविंद नारायण माडगावकर.

माडगावकरांचा जन्म १८१५ सालचा, गोमंतकातला. बालवयातच ते मुंबईस आले, तेथेच शिकले आणि पुढे आयुष्यभर तेथेच शिक्षकी करीत राहिले. अव्वल इंग्रजीतल्या त्या पिढीचा जो विशेष, की जे आपल्याला कळले ते चार लोकांना त्यांच्याच भाषेत कळवल्यावाचून स्वस्थ बसायचे नाही, तो त्यांच्या अंगी पुरेपूर मुरला होता. ‘शुचिर्भूतपणा’, ‘ऋणनिषेधक बोध’, ‘दारूपासून अनर्थ’ ही त्यांच्या पुस्तकांची नावे वाचली तरी लेखकाची प्रकृती ध्यानात येते. १८६३ साली त्यांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १८६५ मध्ये, वयाच्या पन्नाशीच्या सुमारास, ते निवर्तले. एका भारतीय शहराचे भारतीय भाषेत लिहिलेले पहिले विस्तृत चरित्र म्हणून त्या ग्रंथाचा आज गौरव होतो. २००८ साली मुरली रंगनाथन यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतरामुळे तो परदेशी अभ्यासकांच्याही हाती गेला. मला मात्र त्या ग्रंथाचे मोल आणखी एका कारणासाठी वाटते. मुंबईतली तळी, विहिरी, बाजार, गोद्या, गिरण्या यांच्याबरोबर माडगावकरांनी त्यात आगगाडीलाही स्थान दिले. आणि ते अशा काळी, की जेव्हा तिचे रूळ अजून नवे होते आणि तिचे काय होणार हे कोणालाच ठाऊक नव्हते.

मराठीत लोहमार्गावर लिहिणारे ते पहिलेच होते असे नाही. १८५४ सालीच कृष्णशास्त्री भाटवडेकरांचे ‘लोखंडी सडकांचे चमत्कार’ हे छोटेखानी पुस्तक निघाले होते. बोरीबंदरावरून १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी १४ डबे आणि सुमारे ४०० निमंत्रित घेऊन, एकवीस तोफांच्या सलामीत पहिली गाडी ठाण्याकडे सुटली, तिला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती तोच मराठी वाचकाच्या हाती त्या विषयावरचे मराठी पुस्तक होते, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. ज्या यंत्राला काही लोक ‘चाक्या म्हसोबा’ म्हणत होते, असे प्रबोधनकार ठाकऱ्यांनी पुढे नमूद करून ठेवले आहे, त्याच यंत्राचे मर्म उलगडून सांगणारे शास्त्रीबुवा त्याच काळात, त्याच भाषेत लिहीत होते. परंतु भाटवडेकरांचा विषय यंत्राचा चमत्कार. माडगावकरांचा विषय त्या यंत्राने पालटलेले गाव. यंत्रावरून दृष्टी काढून फलाटावरच्या गर्दीकडे वळवणारा, आणि शहराच्या पाण्याच्या व धान्याच्या हिशेबात आगगाडीचाही हिशेब मांडणारा जो, त्यालाच मी प्रादेशिक रेल्वे-इतिहासकार म्हणतो; आणि या अर्थाने ते बिरुद मी माडगावकरांना बेलाशक देतो.

त्यांच्या पुस्तकाचे वर्ष पुन्हा एकदा पाहावे. १८६३ हेच वर्ष बोरघाटातला लोहमार्ग खुला होण्याचे. माडगावकरांच्या वाचकांपैकी ज्यांना त्यापूर्वी मुंबईहून पुण्यास जावे लागले, त्यांच्या प्रवासाची कल्पना आज आपल्याला सहजासहजी येणार नाही. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे ही कंपनी १८४९ साली विलायतेत पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाली. भागधारकांना शेकडा पाच टक्के व्याजाची हमी सरकारने दिली होती, आणि ती हमी अखेर हिंदुस्थानच्या महसुलातूनच भागवायची होती. १८५४ साली गाडी कल्याणपर्यंत गेली, १८५६ साली घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत. पुढे सह्याद्री उभा. मग कंपनीने घाटाचे काम चालू ठेवून घाटमाथ्यावरचा मार्ग आधी पुरा केला. १४ जून १८५८ रोजी खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला पुण्याहून पूर्वेस, भीमेच्या काठच्या डिकसळपर्यंत.

या शेवटच्या तारखेपाशी राहूबेटातल्या माणसाने क्षणभर थांबले पाहिजे. कारण येवत, केडगाव, पाटस, दौंड या गावांच्या शिवारातून इंजिन पहिल्यांदा धावले ते याच मार्गावरून. सत्तावन्नच्या बंडाचा धुरळा अजून पुरता बसला नव्हता, कंपनी सरकारचा अंमल जाऊन राणीचा जाहीरनामा वाचला गेल्याला दीड महिनाही झाला नव्हता, आणि भीमथडीच्या काळ्या रानातून धूर सोडीत गाडी जाऊ लागली होती. हा तालुका तेव्हा भीमथडी या नावाने दफ्तरी नोंदलेला होता, आणि त्याची कीर्ती होती ती घोड्यांची. भीमेच्या खोऱ्यातली आखूड बांध्याची, काटक तट्टे मराठ्यांच्या फौजांनी दूरदूरच्या मुलुखात नेली होती. त्या तट्टांच्या चरणीच्या कुरणांतून आता लोखंडी सडक गेली.

परंतु ती सडक चार वर्षांहून अधिक काळ अर्धवटच होती. केडगावी गाडीत बसलेला माणूस पुणे गाठी, पुण्याहून खंडाळा गाठी, आणि तेथे उतरून पालखीत, तट्टावर किंवा पायी घाट उतरून खोपोलीस दुसरी गाडी धरी. वरचा मार्ग आणि खालचा मार्ग यांच्यामध्ये रुळांचा सांधाच नव्हता. त्यामुळे घाटावरच्या मार्गासाठी लागलेले विलायती लोखंड आणि यंत्रे यांना बैलांच्या सडकेने घाट चढण्यावाचून गत्यंतर नव्हते. बैलाची मान मोडण्यासाठी आलेल्या गाडीला प्रथम बैलानेच घाटावर आणले, हे ध्यानात आल्यावर माझ्या मनात त्या मुक्या जनावरांविषयी जी कृतज्ञता दाटली, ती आजवर ओसरलेली नाही.

घाटाच्या कामाची हकिकत स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. सुमारे १६ मैलांत १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे, आठ मोठे कमानपूल, आणि खंडाळ्याजवळ गाडीचे तोंड फिरवण्यासाठी केलेले उलट-स्थानक, असे ते प्रचंड काम होते. आराखडा मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांचा. मात्र घाट खुला होण्यापूर्वीच, १८६२ साली, ते वारले. पहिले कंत्राट फॅव्हिएल नावाच्या गृहस्थांचे. १८५९ च्या आरंभी थकलेल्या आणि कापलेल्या मजुरीवरून घाटात दंगा उसळला आणि ते कंत्राट सुटले. त्यांच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आले, आणि थोड्याच आठवड्यांत आजाराने मरण पावले. तेव्हा त्यांच्या विधवेने, ॲलिस ट्रेडवेल यांनी, कंत्राट स्वतःच्या नावे पुढे चालवले आणि आपल्या व्यवस्थापकांकरवी काम तडीस नेले. १८६१ च्या सुमारास या घाटात एका वेळी ४२,००० माणसे खपत होती. पटकी, हिवताप, सुरुंग आणि कडे यांनी त्यांतली किती नेली, त्यांची नावे कोणत्याही शिळेवर कोरलेली नाहीत. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाटमार्ग खुला झाला, आणि त्या दिवशी केडगावचे रूळ मुंबईच्या समुद्राला जोडले गेले.

गुऱ्हाळावरच्या त्या वृद्धाचा प्रश्न मी विसरलेलो नाही. भराव कोणी घातला? रेल्वेच्या बांधणीतल्या मजुरांचा साक्षेपी अभ्यास इयन केर या विद्वानाने १९९५ च्या आपल्या ग्रंथात केला आहे. त्यातून आणि सरकारी अहवालांतून जे चित्र उभे राहते ते असे की, कुटुंबेच्या कुटुंबे, बायकापोरांसह, कामाच्या मागे गावोगाव फिरत. पुरुष कुदळ मारी, बाई पाटी उचली, आणि मजुरीचा हिशेब मुकादमाच्या हाती असे. आमच्या सपाट मुलखात बोगदे नव्हते. होते ते ओढ्यांवरच्या मोऱ्या आणि मातीचे भराव. लोहमार्गाखालच्या एखाद्या जुन्या मोरीत वाकून उभे राहावे. वरून गाडी जाताना सारे अंग थरारते, आणि डोळ्यांसमोर येतात ते काळ्या पाषाणाचे, टाकीने घडवलेले, एकमेकांत दाट बसवलेले चिरे. काही चिऱ्यांवर टाकीच्या तिरप्या रेघा अजून इतक्या स्पष्ट आहेत की पाथरवटाचा हात उजवा होता की डावा, हेसुद्धा त्या रेघांच्या कलावरून ओळखता यावे असे वाटते. ज्यांची नावे दफ्तरात नाहीत त्यांचा हा एवढाच दस्तऐवज, आणि तो मला पुष्कळ वाटतो.

मजुरीचा पैसा आला तसा गेलाही. रेल्वेची बांधणी आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला चढलेला भाव, या दोन्हींनी साठीच्या दशकाच्या आरंभी दख्खनच्या कुणब्याच्या हातात चार पैसे खेळले. युद्ध संपले, भाव कोसळले, बांधणीची कामे आटोपली. नेमक्या त्याच सुमारास, १८६७ साली इंदापूर तालुक्यापासून, आणि मागोमाग भीमथडीत, सुधारित जमाबंदी लागू झाली. आणि शेतसारा वाढवण्याच्या कारणांत एक कारण असे दाखवण्यात आले की, रेल्वेमुळे बाजार जवळ आले आहेत. ज्याने पाटी उचलून भराव घातला, त्याच्याच साऱ्यात त्या भरावाची किंमत चढवली गेली. पुढे १२ मे १८७५ रोजी याच भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावच्या बाजारात कर्जबाजारी रयत सावकारांच्या दुकानांवर आणि कर्जखतांच्या दफ्तरांवर तुटून पडली, आणि दख्खनच्या दंग्यांना सुरुवात झाली. ‘ऋणनिषेधक बोध’ लिहिणारे माडगावकर हे पाहायला हयात नव्हते. मुंबईत बसून कर्जाचे दुष्परिणाम सांगणाऱ्या त्या शिक्षकाने सुप्याच्या बाजारातली ती जळती खते पाहिली असती, तर आगगाडी आणि कर्ज हे आपल्या ग्रंथांतले दोन निराळे विषय त्यांनी खात्रीने एका प्रकरणात बांधले असते.

लगेच दुष्काळ आला. १८७६ ते १८७८ च्या त्या भीषण काळात दौंड-मनमाड मार्गाच्या मातीकामावर दुष्काळी कामकरी लावले गेले, आणि १८७८ साली तो मार्ग सुरू झाला. बोरघाटातून आलेली फाटा-वाट आणि थळघाटातून गेलेली फाटा-वाट यांना जोडणारा हा दुवा दौंडात येऊन मिळाला, आणि भीमाकाठचे एक साधे गाव जंक्शन झाले. इंजिनांचे शेड आले, चाळी आल्या, ड्रायव्हर, गार्ड, फायरमन, सांधेवाले, खलाशी यांची वस्ती आली. मराठी, तेलुगू, उर्दू, इंग्रजी या भाषा एकाच नळावर ऐकू येऊ लागल्या. पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या गाड्यांना दौंडात इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडण्यासाठी थांबावे लागे. त्या थांब्यात फलाटावर उतरून पाय मोकळे केलेली, चहा घेतलेली माणसे आमच्या पिढीत घरोघर आहेत. बाहेरून जाणारा कॉर्ड मार्ग झाल्यापासून तो थांबा अनेक गाड्यांना उरलेला नाही.

केडगावच्या स्टेशनाची कहाणी मात्र वेगळ्याच दिशेने गेली. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि अन्नान्नदशेस लागलेल्या शेकडो मुली व विधवा त्यांनी आपल्याबरोबर आणल्या. पुण्यात प्लेगचा कहर आणि सरकारी निर्बंध. तेव्हा त्यांनी केडगावी आधी घेऊन ठेवलेल्या जमिनीवर या मुलींना आणले, आणि ‘मुक्ती’ ही संस्था उभी राहिली. ज्या रुळांवरून धान्य आणि कापूस मुंबईकडे वाहून नेण्याची योजना होती, त्याच रुळांवरून दुष्काळाच्या तोंडातून सुटलेल्या पोरी या माळावर उतरल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगावातच देह ठेवला. रेल्वेच्या अहवालात या उतारूंची नोंद झाली असलीच तर ती तिसऱ्या वर्गाच्या तिकिटांच्या बेरजेत. रेल्वेच्या इतिहासकाराने मात्र ती बेरीज फोडून पाहिली पाहिजे. मुंबईच्या बाबतीत माडगावकरांनी आपल्या ग्रंथात हेच केले.

त्यांचा वारसा पुढे चालवणारे निपजले, ही समाधानाची गोष्ट. ना. वि. जोशी यांचे ‘पुणे शहराचे वर्णन’ १८६८ सालचे, म्हणजे माडगावकरांच्या ग्रंथानंतर अवघ्या पाच वर्षांतले. १९९० साली एस. एन. शर्मा यांनी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा इतिहास सविस्तर लिहिला. आणि आपल्या काळात मुंबईचे पत्रकार राजेंद्र आकलेकर यांनी पहिल्या मार्गांच्या कडेकडेने पायी हिंडून, जुने खांब, दगड, रुळांचे तुकडे आणि कमानी यांचा मागोवा घेत ‘हॉल्ट स्टेशन इंडिया’ हे इंग्रजी पुस्तक २०१४ साली सिद्ध केले. पायी चालण्याची ही पद्धत मला विशेष भावते. दफ्तरात कंपनीचा जमाखर्च सापडतो. पण कोणत्या फाटकाला लोक कोणत्या नावाने हाक मारतात, कोणत्या मोरीखालून गुरे जातात, कोणत्या भरावावर एकेकाळी कामकऱ्यांची खोपटी होती, हे चालल्यावाचून कळत नाही. पुणे-दौंड या मार्गावर असा चालणारा मराठी लेखक मला हवा आहे. त्याने येवतच्या मालधक्क्यापासून आरंभ करावा, जुन्या गँगमनांच्या घरी बसावे, उरुळी कांचनला १९४६ साली गांधीजी निसर्गोपचारासाठी आले त्याची आठवण गावकऱ्यांकडून ऐकावी, आणि हेही लिहावे की मुंबईहून पुण्यापर्यंत विजेची गाडी १९२९ सालीच आली, पण पुण्याच्या पुढे दौंडपर्यंत ती यायला २०१७ साल उजाडावे लागले. मधली ८८ वर्षे हा मुलूख वाफेच्या आणि मग डिझेलच्या धुरात पुण्याकडे पाहत राहिला.

आणि शेवटी त्याने डिकसळला जावे. १५ डिसेंबर १८५८ रोजी जेथे रूळ संपत होते, त्याच्या पुढे भीमेवर पूल बांधून मार्ग २३ ऑक्टोबर १८५९ रोजी बार्शी रोडपर्यंत नेण्यात आला. शतकाहून अधिक काळ त्या पुलावरून गाड्या गेल्या. उजनी धरण झाले, जलाशयाचे पाणी फुगत मागे आले, आणि लोहमार्गाला बाजूला सरकावे लागले. रूळ उखडले गेले, दगडी खांब पाण्यात उभेच राहिले, आणि जुना पूल सडकेच्या कामी आला. हिवाळ्यात त्या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात, मासेमारांच्या होड्या खांबांना वळसा घालून जातात. इंजिनासाठी बांधलेल्या त्या अरुंद पुलावरून पुढे कित्येक वर्षे उसाच्या बैलगाड्या कारखान्याकडे जात राहिल्या. समोरून दुसरी गाडी आली तर पहिलीने अलीकडेच थांबायचे, आणि ती पार झाली की गाडीवानाने बैलांची शेपटी पिरगाळून आपली गाडी पुलावर घालायची.